हृदयविकार, संशोधन आणि निधीसाठीची दौड : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सहा वर्षांपूर्वी माझ्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांत दोन स्टेंट, म्हणजे वाट उघडी ठेवणाऱ्या जाळीच्या बारीक नळ्या, बसले. बरं वाटायला लागल्यावर हृदयविकार संशोधनासाठी निधी जमवणाऱ्यांना मदत करू लागलो. पहिल्या दिवसापासून एक वही जवळ ठेवली आहे. तिच्या पुढच्या पानांवर माझं बीपी, वजन आणि गोळ्या असतात, मागच्या पानांवर लोकांनी विचारलेले प्रश्न. खालचे प्रश्न त्या मागच्या पानांवरचे. मी डॉक्टर नाही, त्यामुळे गोळीचा डोस माझ्याकडून ठरवून घेऊ नका.

हार्ट अटॅक, हार्ट फेल्युअर आणि कार्डियाक अरेस्ट, एकच ना?

नाही. अटॅकमध्ये हृदयाला रक्त पुरवणारी धमनी तुंबते आणि तिच्यावर जगणारा स्नायू मरू लागतो. फेल्युअरमध्ये हृदय चालू असतं, पण शरीराच्या गरजेइतकं रक्त पुढं ढकलत नाही. ‘फेल’ या शब्दानं माणसं उगाच हादरतात. हार्ट फेल्युअर घेऊन कितीतरी लोक वर्षानुवर्षं जगतात. कार्डियाक अरेस्टमध्ये हृदयाची वीज बिघडते, ठोके थांबतात किंवा हृदय नुसतं थरथरतं आणि माणूस जागच्या जागी कोसळतो. अटॅकमधून अरेस्ट होऊ शकतो, पण दर वेळी होतोच असं नाही.

छातीत दुखतंय. गॅस आहे की हृदय, घरी कसं ओळखायचं?

ओळखायचं नाही. हे मी पश्चात्तापानं लिहितोय. त्या रात्री चाळीस मिनिटं मी घरात फेऱ्या मारत होतो आणि ‘जेवण बाधलं’ असं स्वतःलाच समजावत होतो. दुखणं असं नव्हतंच, छातीवर कोणीतरी बसल्यासारखं वाटत होतं. डाव्या जबड्यात दाढ ठणकल्यासारखं होत होतं आणि बनियन घामानं ओलं झालं होतं. पंखा जोरात चालू असताना घाम कसला येतोय, हे बायकोला सुचलं, मला नाही.

दवाखान्यातसुद्धा डॉक्टर नुसतं बघून सांगत नाहीत. ईसीजी काढतात, रक्तात ट्रोपोनिन (हृदयस्नायूला इजा झाली की वाढणारं प्रथिन) वाढलंय का बघतात आणि काही तासांनी तेच पुन्हा तपासतात. सुरुवातीचा ईसीजी नॉर्मल येऊनही अटॅक असू शकतो. जे ओळखायला यंत्रं लागतात ते तुम्ही सोफ्यावर बसून कसं ठरवणार? आपत्कालीन सेवेला फोन करा आणि स्वतः गाडी चालवत जाऊ नका. ॲस्पिरिन चावायची का, हे फोनवरच विचारा, कारण ॲलर्जी किंवा रक्तस्रावाचा त्रास असलेल्यांना ती चालत नाही.

बायकांबद्दल वेगळं सांगायला हवं. त्यांनाही छातीतलं दुखणं हेच सर्वांत नेहमीचं लक्षण. पण त्यासोबत धाप, मळमळ, पाठीत किंवा जबड्यात कळ, विचित्र थकवा या तक्रारी पुरुषांपेक्षा जास्त आढळतात, आणि मग घरचे म्हणतात, ‘दगदग झाली असेल.’

स्टेंट बसला म्हणजे मी बरा झालो का?

एक जागा मोकळी झाली. आजार मात्र त्या जागेपुरता नव्हता. धमन्यांच्या भिंतींत चरबीचे थर जमण्याची प्रक्रिया सगळीकडे चालू असते, आणि अटॅक बऱ्याचदा अशा थरामुळे येतो ज्यानं आधी वाट फारशी अडवलेलीही नव्हती. थर फाटतो, त्यावर रक्ताची गुठळी बसते आणि वाट बंद होते.

अँजिओप्लास्टीची, म्हणजे तुंबलेली धमनी फुग्यानं उघडण्याची, गोष्ट मला स्वतःला फार आवडते. आंद्रेआस ग्रुंट्झिग या डॉक्टरनं बारीक फुगे आपल्या घरच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बनवून पाहिले. १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिकमध्ये त्यानं जाग्या माणसाच्या हृदयाच्या धमनीत पहिल्यांदा फुगा फुगवला. रुग्ण होता ३८ वर्षांचा. फुग्यानं उघडलेली वाट पुन्हा मिटू नये म्हणून १९८६ मध्ये पहिले स्टेंट आले. हे सगळं वाट उघडण्याचं तंत्र आहे. वाट का बुजली, याचं उत्तर गोळ्या, तंबाखू, बीपी, साखर आणि चालणं यांच्याकडे आहे.

या सगळ्या गोळ्या जन्मभर? एखादी तरी बंद करता येईल का?

काही जन्मभर, काही ठरावीक मुदतीपुरत्या. स्टेंटनंतर रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या साधारण सहा ते बारा महिने देतात. कोणाला कमी, कोणाला जास्त, ते डॉक्टर ठरवतात. ही मुदत संपायच्या आत गोळी स्वतःहून थांबवू नका, हे मी ओरडून सांगायला तयार आहे. स्टेंटमध्ये गुठळी झाली तर धमनी एका क्षणात बंद होते. नेहमीचा प्रसंग म्हणजे दाढ काढायची असते, दातांचे डॉक्टर म्हणतात ‘आठवडाभर गोळी बंद ठेवा’, आणि आपण मान डोलावतो. हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय मान डोलावू नका.

सर्वांत जास्त शंका असतात स्टॅटिनबद्दल, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळ्यांबद्दल. अकिरा एंडो या जपानी शास्त्रज्ञानं सहा हजारांहून अधिक सूक्ष्मजीव तपासले, तेव्हा १९७३ मध्ये एका बुरशीत कोलेस्टेरॉल रोखणारा पदार्थ सापडला. पण कोलेस्टेरॉल उतरलं म्हणून माणूस जास्त जगतो का? त्याचं ठाम उत्तर यायला १९९४ साल उजाडलं. हृदयविकार असलेल्या ४,४४४ जणांवर पाच वर्षांहून अधिक काळ चाचणी झाली आणि सिम्वास्टॅटिन हे स्टॅटिन घेणाऱ्यांतले मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी निघाले. अंग दुखतं, ही तक्रार खोटी नसते. ती डॉक्टरांना सांगा, डोस किंवा औषध बदलता येतं. नुसती गोळी टाकून देऊ नका आणि पुढच्या भेटीत ‘घेतोय’ असंही सांगू नका. मी तीन महिने असं केलं होतं. वहीत गोळीपुढं बरोबरची खूणही करत होतो!

अटॅकनंतर आराम करायचा की चालायचं?

एके काळी अटॅकच्या रुग्णाला सहा सहा आठवडे पलंगावरून उठू देत नसत. १९५२ मध्ये लिव्हाइन आणि लॉन या डॉक्टरांनी रुग्णांना लवकर आरामखुर्चीत बसवलं, तर मोठा गहजब झाला. पुढं १९६६ मध्ये अमेरिकेतल्या डॅलसमध्ये पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे नुसतं झोपवून ठेवलं. तीस वर्षांनी तेच पाच जण पुन्हा तपासले. त्या तीन आठवड्यांनी त्यांच्या दमाचं जेवढं नुकसान केलं होतं, तेवढं तीस वर्षांच्या वयानंही केलं नव्हतं. आजारी नसलेल्या तरुणांची ही गत.

म्हणून चाला, पण आपल्या मनानं नाही. कार्डियाक रिहॅब मिळत असेल तर ते सोडू नका. तिथं नाडी आणि बीपी बघत बघत व्यायाम वाढवतात. अशा कार्यक्रमांमुळे हृदयविकारानं होणारे मृत्यू आणि पुन्हा दवाखान्यात भरती होणं कमी होतं, हे अनेक चाचण्यांतून दिसलंय. घरच्यासाठी सोपी कसोटी म्हणजे चालताना बोलता आलं पाहिजे. गाणं म्हणता येत असेल तर वेग थोडा वाढवायला हरकत नाही, वाक्य अर्ध्यावर तुटत असेल तर कमी करा.

माझं पहिलं शिखर म्हणजे आमचा जिना. अठरा पायऱ्या. घरी आल्यावर नवव्या पायरीवर कठडा धरून उभा राहिलो आणि मागं बायको हात पुढं करून उभी, जणू मी काचेचा आहे. वहीत त्या दिवशीची एकच नोंद आहे : ‘९ + ९’.

डॉक्टर म्हणाले, ‘पंपिंग ३५ टक्के आहे.’ म्हणजे हृदय ६५ टक्के गेलं?

हा प्रश्न मला दर महिन्याला एकदा तरी येतो, आणि विचारणाऱ्याचा आवाज कापत असतो. नाही. इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, येणारा तो आकडा म्हणजे इजेक्शन फ्रॅक्शन. डाव्या कप्प्यात जेवढं रक्त भरलं, त्यातलं किती टक्के एका ठोक्यात बाहेर गेलं, एवढंच तो सांगतो. निरोगी हृदयातही शंभर टक्के रक्त कधीच बाहेर जात नाही. साधारण ५० ते ७० टक्के जातं. म्हणजे तुमची तुलना शंभराशी नाही, साठच्या आसपासच्या आकड्याशी आहे. ४० किंवा कमी म्हणजे पंपिंग कमी झालं असं धरतात, आणि औषधांनी ते काही जणांत चांगलं सुधारतं. उलट आकडा ५५ असूनही हार्ट फेल्युअर असू शकतं, कारण कधी कधी हृदय ढकलतं नीट, पण ताठर झाल्यामुळे भरत नीट नाही.

रोज वजन कशाला करायचं? मला बारीक थोडंच व्हायचंय?

हार्ट फेल्युअर असेल तर वजनकाटा चरबी नाही, पाणी मोजतो. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले तर ते खाण्याचं नसतं, अंगात पाणी साठतंय. पायावरची सूज आणि झोपल्यावर लागणारी धाप यांच्या आधी काटा हे सांगतो. सकाळी लघवी करून, काही खाण्याआधी, तशाच कपड्यांत, त्याच काट्यावर वजन करा आणि लिहून ठेवा. वाढ दिसली की फोन करा, पुढच्या तारखेची वाट बघू नका.

पेसमेकर आहे. मोबाइल वापरला तर चालेल?

चालेल. पेसमेकर (ठोक्यांची लय सांभाळणारं, छातीत बसवलेलं यंत्र) आणि मोबाइल यांच्यात १५ सेंटिमीटर अंतर ठेवा, म्हणजेच त्या बाजूच्या वरच्या खिशात ठेवू नका. फोनवर बोलताना पलीकडचा कान वापरा.

पूर्ण शरीरात बसवलेला पहिला पेसमेकर १९५८ मध्ये स्वीडनमध्ये अर्ने लार्सन यांना बसवला. तो काही तासांतच बंद पडला. पुढं त्यांना वीसहून जास्त पेसमेकर लागले. ते गेले २००१ मध्ये, वयाच्या ८६ व्या वर्षी.

शरीर ठीक आहे, पण मन थाऱ्यावर नाही. सारखी नाडी बघतो.

अटॅकनंतर उदास वाटणं, चिडचीड होणं, रात्री ‘झोपलो तर उठेन ना’ असं वाटणं हे फार जणांना होतं. त्याची लाज वाटून घेऊ नका. नैराश्याकडे दुर्लक्ष केलं तर हृदयाची तब्येतही बिघडते, गोळ्या चुकतात, चालणं सुटतं. डॉक्टरांना हे छातीच्या दुखण्याइतकंच स्पष्ट सांगा. मी दिवसातून तीस वेळा मनगट धरायचो. समुपदेशकानं मला सकाळ-संध्याकाळ अशा दोनच नोंदींची परवानगी दिली. पहिला आठवडा सिगारेट सोडल्यासारखा गेला. सिगारेटही त्याच वर्षी सोडली होती, म्हणून हे नक्की सांगू शकतो.

नवरा-बायकोचे संबंध?

हा प्रश्न लोक निघता निघता, दाराशी उभं राहून विचारतात. दोन जिने न थांबता, छातीत काही न होता चढता येत असतील तर बहुतेकांना हरकत नसते. डॉक्टरांना एकदा विचारून घ्या. एक गोष्ट मात्र जिवावरची आहे : जिभेखाली ठेवायची गोळी किंवा कोणतंही नायट्रेट चालू असेल तर सिल्डेनाफिल (व्हायग्रा) आणि तिच्या जातीच्या गोळ्या घ्यायच्या नाहीत. बीपी एकदम कोसळतं.

इतक्या गोष्टी माहीत असताना अजून संशोधन कशासाठी?

या माहीत असलेल्या गोष्टी आल्या कुठून, ते आधी बघा. १९४८ मध्ये अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम या गावातल्या ५,२०९ स्त्री-पुरुषांची नोंद सुरू झाली. दर दोन वर्षांनी त्यांची तपासणी होई : बीपी, कोलेस्टेरॉल, सिगारेट, वजन. त्या काळी वयाबरोबर बीपी वाढतंच, त्यात काळजीचं काय, असं चांगले डॉक्टरही मानत. नोंदींनी ते खोटं ठरवलं. धोक्याचे घटक ही आज सगळ्यांच्या तोंडी असलेली कल्पना त्याच वहीतून आली. १९७१ मध्ये त्यांची मुलं त्यात आली, २००२ मध्ये नातवंडं. माझी वही एका माणसाची आहे, ती तीन पिढ्यांची.

न सुटलेलंही पुष्कळ आहे. मेलेला हृदयस्नायू पुन्हा का उगवत नाही, हेच घ्या. झेब्राफिश नावाच्या माशाच्या हृदयातल्या रक्त ढकलणाऱ्या कप्प्याचा पाचवा हिस्सा कापला तरी दोनेक महिन्यांत भरून येतो, हे २००२ मध्ये दिसलं. आपल्या बाबतीत शास्त्रज्ञांनी मोठी शक्कल लढवली. अणुचाचण्यांमुळे हवेत पसरलेला किरणोत्सारी कार्बन पेशींच्या डीएनएत उतरला होता. त्यावरून २००९ मध्ये त्यांनी पेशींचं वय काढलं. विशी-पंचविशीत वर्षाला सुमारे एक टक्का पेशी नव्या होतात, पंचाहत्तरीत त्याच्या निम्म्याहून कमी. थोडक्यात, हृदयाला दुरुस्ती येते, पण फार संथ. ती पुरेशी कशी करायची, यावर आज ठिकठिकाणी काम चालू आहे.

चाचण्यांत अर्ध्या लोकांना खोटी, औषध नसलेली गोळी देतात. हे बरोबर आहे का?

मलाही आधी पटत नव्हतं. मग दोन चाचण्यांबद्दल वाचलं.

पहिली १९८० च्या दशकातली. अटॅकनंतर चुकीचे ठोके पडणाऱ्यांना धोका जास्त असतो, तेव्हा ते ठोके दाबणारी औषधं जीव वाचवतील, हे कोणालाही पटेल. डॉक्टर ती देतही होते. चाचणीत औषध घेणाऱ्या ७५५ जणांपैकी ६३ दगावले, खोटी गोळी घेणाऱ्या ७४३ पैकी २६. ईसीजी सुधारत होता आणि माणसं मरत होती. खोट्या गोळीचा गट नसता तर हे कधी कळलंच नसतं.

दुसरी १९८८ ची, १७,१८७ रुग्णांची. तिनं अटॅकमध्ये ॲस्पिरिन जीव वाचवते हे पक्कं केलं. त्यातल्या संशोधकांना रुग्णांचे छोटे छोटे गट पाडून निकाल द्यायला सांगितलं, तेव्हा त्यांनी चिडून राशींप्रमाणे गट पाडले. मिथुन आणि तूळ राशीच्या लोकांना ॲस्पिरिनचा फायदा दिसेना! आकडे फार बारीक चिरले की असलं काहीही निघतं, हे त्यांना दाखवायचं होतं. माझी रास तूळ आहे. गोळी घेतो.

आज जिथं एखादं उपचार सिद्ध झालेलं असतं, तिथं ते काढून घेऊन खोटी गोळी देत नाहीत. नेहमीचे उपचार दोन्ही गटांना चालू राहतात, नवं औषध वरून असतं.

निधीसाठी धावायचंय किंवा सायकल चालवायचीय. सुरुवात कुठून करू?

आधी संस्था ठरवा, मग आव्हान, बूट सर्वांत शेवटी. बहुतेक जण उलटं करतात.

मोठ्या शर्यतींत दोन प्रकारे जागा मिळते. स्वतः प्रवेश मिळवून ज्या संस्थेसाठी हवं त्या संस्थेसाठी पैसे जमवायचे, किंवा संस्थेच्या राखीव जागेवर धावायचं. दुसऱ्या प्रकारात ठरावीक रक्कम जमवण्याची हमी द्यावी लागते. कमी पडली तर काय, हे सही करायच्या आधी विचारा. गेल्या वर्षी एकीनं उत्साहात सही केली आणि शेवटचे तीन आठवडे सरावाऐवजी फोन करण्यात घालवले.

४२.१९५ किलोमीटरच्या मॅरेथॉनचं सगळ्यांना आकर्षण असतं. पण जी कधी धावलीच नाही तिनं महिनाभर रोज जिना चढायचं ठरवलं, तर लोक तेवढ्याच आपुलकीनं पैसे देतात. कधी कधी जास्तच, कारण तिच्यासाठी ते अवघड आहे हे त्यांना दिसतं.

पैसे मागायची लाज वाटते.

सगळ्यांनाच वाटते. ‘कृपया सढळ हाताने मदत करा’ असा एकच निरोप दोनशे जणांना पाठवला की दोनशे जण तो दुसऱ्यांसाठी आहे असं समजतात. नाव घेऊन, एकेकाला, तुम्ही हे का करताय ते तीन ओळींत लिहा. पहिली मागणी जवळच्या आणि मोकळ्या हाताच्या माणसाकडे करा. यादीतला पहिला आकडा बघूनच पुढचे लोक आपला आकडा ठरवतात. कंपनी तुमच्याइतकीच रक्कम वरून घालते का, तेही विचारा. शर्यत झाल्यावर, पायाला फोड आलेला फोटो टाकून, पुन्हा एकदा मागा. राहून गेलेले लोक तेव्हा देतात. आणि आभार मानताना घाई करू नका. आमच्या देणगीच्या डब्यात एकदा नाण्यांसोबत शर्टाचं बटण निघालं. कोणाचं ते कळलं असतं तर त्याचेही मानले असते.

मला स्वतःला हृदयविकार आहे. भाग घेऊ का?

आधी डॉक्टर, बहुधा स्ट्रेस टेस्ट (व्यायाम करताना हृदयाची तपासणी), मग उत्तर. काही आजारांत, उदाहरणार्थ हृदयाचा स्नायू आनुवंशिक कारणानं जाड होण्याच्या काही प्रकारांत, जोराचा व्यायाम खरोखर धोक्याचा ठरू शकतो. परवानगी मिळाली तर वेळेचं लक्ष्य ठेवू नका. छातीत, जबड्यात काही जाणवलं, चक्कर आली, ठोके विस्कटले की थांबायचं, मग शेवटची कमान समोर दिसत असली तरी. देणगी देणाऱ्यांपैकी आजवर कोणी पैसे परत मागितलेले मला आठवत नाहीत.

पैसे खरंच संशोधनाला जातात, हे कसं कळणार?

संस्थेची नोंदणी आणि तपासलेले वार्षिक हिशेब बघा. कोणत्या प्रयोगशाळेला, कोणत्या प्रश्नासाठी, किती वर्षांसाठी पैसे दिले हे लिहिलेलं असावं. व्यवस्थापनाचा खर्च शून्य आहे असं कोणी सांगितलं तर माझा संशय वाढतो. चाचणीच्या नोंदी ठेवणाऱ्या माणसाला पगार लागतोच. आणि ‘तुमच्या देणगीनं एक जीव वाचेल’ असं लिहिलेलं असेल तर विचारा, कसा? चांगली संस्था सांगते की या पैशातून तीन वर्षं एका संशोधकाचं काम चालेल, आणि उत्तर ‘नाही’ असंही येऊ शकतं.

ना धावता येतं, ना देता येतं. मग?

चाचणीत सहभागी व्हा, तुमच्या आजारासाठी एखादी चालू असेल तर. संमतीपत्र घरी आणून सावकाश वाचा. कधीही, कारण न देता, बाहेर पडता येतं.

आणि सीपीआर, म्हणजे थांबलेल्या हृदयाच्या माणसाची छाती दाबून रक्त फिरतं ठेवणं, शिका. एका दुपारचं काम आहे. श्वास न घेणारा, हाकेला ओ न देणारा माणूस दिसला की मदत बोलवायची, एईडी (शॉक देऊन ठोके परत लयीत आणणारं यंत्र) मागवायचा आणि छातीच्या मधोमध दाबायला लागायचं. मिनिटाला १०० ते १२० वेळा, मोठ्या माणसाला पाच ते सहा सेंटिमीटर खोल, आणि दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची. पाच सेंटिमीटर वाटतात त्याहून खूप जास्त आहेत. सरावाच्या बाहुलीवर पहिल्यांदा दाबलं तेव्हा मी निम्म्यावरच थांबत होतो, लागेल म्हणून. शिकवणाऱ्या बाईंनी माझ्या हातांवर आपले हात ठेवून दाबलं, तेव्हा बाहुलीतून ‘टक्’ असा आवाज आला. ‘हा आवाज यायला हवा,’ त्या म्हणाल्या. दोन मिनिटांत खांदे भरून आले. म्हणून दर दोन मिनिटांनी माणूस बदलतात.